पालथा साक्षीदार

अंगणवाडीत मी तेहेतीस वर्षं काढली आणि एकाही पोराचं वजन काट्यावर न घालता वहीत लिहिलं नाही. टेकावरच्या वस्तीत एकच तान्हं असलं तरी भर उन्हात काटा खांद्याला अडकवून चढायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, या बाईला खोटं लिहायची खोडच असणार. तशी खोड नव्हती. ती निवृत्त झाल्यावर लागली.

यंत्र आमच्या घरी आलं ते चिठ्ठीत नाव निघून. दोन हजार एकेचाळीस साली पाच दिवसांची लढाई झाली होती. सरहद्दीपलीकडच्या एका खाणीत मोठा सुरुंग उडाला, इकडच्या संगणकांनी तो चोरून केलेला अणुस्फोट ठरवला, आणि खरं काय ते कळेपर्यंत दोन्हीकडची मिळून अकरा हजार माणसं गेली. मग दोन्ही देश शहाणे झाले आणि बोलायला बसले. पण विश्वास कुणाचाच कुणावर नव्हता. एकाने आपल्या वेधशाळेचा आलेख दाखवला की दुसरा म्हणायचा, बनावट आहे. आणि तोवर बनावट आलेख काढणं हा पोरखेळ झालाही होता. शेवटी साक्ष करार झाला. दोन्हीकडच्या साठ-साठ साध्या घरांत भूकंपाची सीलबंद यंत्रं बसवायची. वेधशाळांचं काही धरायचं नाही. धरायची ती या घरांची साक्ष. त्या साठांत शेतकरी आले, शिंपी आले, मास्तर आले, आणि माण तालुक्यातल्या सोनदऱ्याची मी आले, अलका खाडे.

यंत्र बसवायला टिळेकर नावाचे तरुण इंजिनियर आले होते. परसात धान्य साठवायचं जुनं पेव आहे, कातळात खोदलेलं. सासऱ्यांनी त्याला नऊ पायऱ्या पाडल्या होत्या. टिळेकर खाली उतरले, खडकावर हात फिरवला आणि देव भेटल्यासारखे खूश झाले. पिठाच्या डब्याएवढं, चकचकीत, गोल यंत्र त्यांनी खडकातल्या लोखंडी कड्यात बसवलं. त्यावर लाल बाण होता आणि तो वर हवा होता.

"काकी, सोपं आहे," ओट्यावर चहा पिताना ते म्हणाले. "जमिनीखाली स्फोट झाला की तो चहूबाजूंनी ढकलतो. त्यामुळे यंत्र कुठल्याही दिशेला असो, तिथली जमीन पहिल्यांदा हलते ती वर. भूकंपात तसं होत नाही. दोन खडक एकमेकांना घासून सरकतात. मग समोरासमोरच्या दोन पट्ट्यांत जमीन ढकलली जाते आणि उरलेल्या दोन पट्ट्यांत ओढली जाते. जिथे ओढली जाते तिथे पहिला धक्का खालचा. तो इतका बारीक असतो की आपल्याला कळणारही नाही, पण यंत्राला कळतो. एका जरी यंत्राची खालच्या धक्क्याची खरी साक्ष आली, तर तो स्फोट नाही."

"मग त्यात माझं काय काम?"

"बघायचं. यंत्र जागेवर आहे, बाण वर आहे, कुणी हात लावलेला नाही. यंत्राला स्वतःला वर-खाली कळत नाही. पृथ्वीची कायमची ओढ ते आधीच वजा करतं आणि फक्त बदल टिपतं. ते पालथं झालं तर वरचा धक्का खालचा दाखवील आणि खालचा वरचा. आम्ही त्यात वर-खाली ओळखणारा भाग घालणार होतो, पण दोन्ही देश नको म्हणाले. तो भाग म्हणे लांबून बिघडवता येतो. माणसाची नजर लांबून बिघडवता येत नाही."

बिचारे टिळेकर. माणसाची नजर जवळूनच बिघडते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी मान डोलावली आणि त्यांना आणखी अर्धा कप चहा दिला.

पाटीएवढा एक पडदाही दिला होता. रोज सकाळी सातला त्यावर तीन प्रश्न यायचे. यंत्राशेजारी उभं राहून, बघून, अंगठा द्यायचा. पहिलं वर्ष मी बॅटरी घेऊन रोज नऊ पायऱ्या उतरले. दुसऱ्या वर्षी गुडघे बोलायला लागले. मग एक दिवस वाटलं, काल जागेवर होतं, आज कुठे पळून जाणार आहे? पडदा स्वयंपाकघरात आला. चहाला उकळी येईपर्यंत अंगठा देऊन व्हायचा. तिसऱ्या वर्षी मला आदर्श साक्षीदार म्हणून मानपत्र मिळालं, कारण एकाही दिवसाचा खाडा नव्हता.

त्या दिवशी दिवाळी आठवड्यावर आली होती. मी आणि सूनबाई पल्लवी चकलीची भाजणी भाजत होतो. मुलगा अमोल पुण्यात नोकरीला असतो, आठवड्याला येतो. नात ओवी सहा वर्षांची, ती शाळेत गेली होती. साडेदहाला टीव्हीवर लाल पट्टी आली. सकाळी नऊ चाळीसला पलीकडच्या डोंगराळ भागात मोठा हादरा बसला होता. पलीकडे कुठल्याशा दंगलीमुळे तीन दिवसांपासून इंटरनेट बंद होतं, त्यामुळे त्यांच्या साठ यंत्रांपैकी एकाचीही नोंद आली नव्हती. स्फोट लपवायलाच बंद केलं असणार, असं टीव्हीवरचे झाडून सगळे तज्ज्ञ सांगत होते. आपल्याकडच्या यंत्रांनी पहिला धक्का वरचा दाखवला होता. सरकारने आधीच जाहीर करून ठेवलं होतं, की पुन्हा चोरून स्फोट झाला तर उत्तर त्याच दिवशी मिळेल.

"आत्याबाई, करपतंय," पल्लवी म्हणाली. मी गॅस बंद केला.

साडेबाराला फोन वाजला. टिळेकर होते. ते आता पुण्याच्या साक्ष केंद्रावर मोठे साहेब झाले होते. आवाज ओळखू येईना, इतका कोरडा पडला होता.

"काकी, तुमच्या पट्ट्यात तीनच यंत्रं आहेत. एक रस्त्याच्या कामात काढून ठेवलंय. दुसऱ्याच्या शेजारी खडी फोडायचं मशीन चालू होतं, तिथलं काही वाचता येत नाही. राहिलं तुमचं. तुमच्याकडे पहिला धक्का वरचा आहे. तुमच्या समोरचा पट्टा पलीकडे पडतो, म्हणजे आपल्याकडच्या सगळ्या पट्ट्यांत वरचा झाला. दोन वाजता मला सरकारला निकाल कळवायचाय. त्याआधी शेवटची साक्ष लागते. खाली उतरा, डोळ्यांनी बघा आणि मला सांगा. चाळीस मिनिटांनी परत फोन करतो."

"आणि निकाल कळवल्यावर?"

"ते माझ्या हातात नाही, काकी."

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. मी परसात जाईपर्यंत सरपंच बाजीराव गुलालाची पिशवी घेऊन अंगणात हजर. "काकू, सोनदऱ्यानं दुश्मन धरला! आख्ख्या देशात आपल्या गावाचं नाव झालं!" मी त्यांना ओट्यावर बसायला सांगितलं. खोटं कशाला बोलू, छाती थोडी फुगलीच होती.

बॅटरी सापडेना, म्हणून पल्लवीने मोबाइलचा उजेड धरला. मी भिंतीला हात टेकत एकेक पायरी उतरले. यंत्र जागेवर होतं. स्वच्छ होतं, चकचकत होतं. धूळ कशी नाही, एवढंच आधी मनात आलं. मग बाण दिसला. तो खाली होता.

मी डोळे मिटून पुन्हा उघडले. माझ्याच तोंडाचं प्रतिबिंब त्या पत्र्यात दिसत होतं आणि त्याच्याखाली लाल बाण खडकाकडे टोक करून उभा होता. मी पायरीवर बसलेच.

"पल्लवी, ह्याला कुणी हात लावला?"

"मीच की. घट बसायच्या आधी धुतलं न्हवं का?" तिला अजून काही कळलं नव्हतं. "तुमीच म्हनाला हुता, घरातलं येकूण येक भांडं भाईर काढ, कायबी पारोसं ठिवू नगंस. पेवात ह्यो डबा हुता. कडं ढिलं करून काढला, धुतला, आन निथळाय पालथा घातला. दुसऱ्या दिवशी हाय तसाच बसवून कडं आवळलं."

धुतलेलं भांडं पालथं घालायचं, हे हिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मीच शिकवलं होतं. आणि यंत्राला हात लावायचा नाही, हे शिकवायचं राहून गेलं होतं. सरकारचं आहे, एवढंच सांगितलं होतं. सरकारची तर गावात टाकीही आहे, तीही आम्ही धुतोच.

तिने ते धुतलं त्या दिवशी केंद्रातून विचारणाही आली होती, यंत्र हललं का म्हणून. भाकरी थापता थापता मी लिहून टाकलं, वरून म्हैस गेली असेल. आणि अंगठा दिला. मग रोज देत राहिले. एकतीस दिवस.

आता डोक्यात उजेड पडला आणि तो नकोसा झाला. आमचं यंत्र पालथं, म्हणजे त्याने वरचा दाखवलेला धक्का खरा खालचा होता. म्हणजे पलीकडे स्फोट झालाच नव्हता. भूकंप झाला होता. आणि पाऊण-एक तासात माझ्या अंगठ्यावर विमानं उडणार होती.

मी सांगितलं तशी पल्लवी वर धावली. मागून मी वर आले तर अमोल फोनवर. पल्लवीने त्याला रडत रडत सगळं सांगितलं होतं.

"आई, नीट ऐक. पेवात तुम्ही दोघीच होता. अंगठा दे आणि मोकळी हो."

"अरे, माणसं मरतील."

"ते तसेही लढणारच आहेत, तुझ्या डब्यासाठी थांबलेत होय? आणि सांगायचंच असेल तर तू धुतलंस म्हण. यंत्राला हात लावणं हा वेगळा गुन्हा आहे. पल्लवीचं नाव तोंडातून काढू नकोस. ओवीकडे बघ जरा."

बाहेर बाजीरावांभोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती. कुणीतरी फटाक्यांची माळ आणली होती. मला एकाएकी त्या सगळ्यांची भीती वाटली. यातल्या निम्म्यांना मी लहानपणी झोळीत घालून काट्याला लटकवलेलं आहे. बाजीराव तर चौदा किलोच्या पुढे जाईना म्हणून मी त्याच्या आईला किती बोलले होते. तेच माझ्याकडे कौतुकाने बघत होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

एक वाजून दहा मिनिटांनी टिळेकरांचा फोन आला. मी दार लावून घेतलं.

"यंत्र पालथं आहे," मी म्हणाले. "एकतीस दिवस झाले. मी रोज न बघता अंगठा देत होते."

टिळेकरांनी आवाज खाली आणला.

"काकी, हे बोलणं नोंदवलं जातंय."

"असू दे. माझा धक्का खालचा धरा. तुम्हीच म्हणाला होता, एक पुरे."

"नाही धरता येत." ते म्हणाले. "ज्याने खोटी साक्ष दिली त्याचं खरंही धरायचं नाही, असं करारातच आहे. तुमचं यंत्र बाद होईल. तुम्हाला सात वर्षं होतील. कळतंय ना?"

"मग लढाई थांबणार कशी?"

"बाद झालं, तर त्या पट्ट्यात एकही साक्ष उरत नाही. पट्टा रिकामा राहिला तर स्फोट जाहीर करता येत नाही. तीन दिवस थांबावं लागतं, दोन्हीकडून माणसं जाऊन बघतात. पण काकी, यंत्र बाद करायला तुमचा जबाब पूर्ण खरा लागतो. दहिवडीहून ठसे घेणारं पथक आत्ताच पाठवतोय. यंत्रावरचे ठसे आणि तुमचा जबाब जुळले नाहीत, तर लढाई टाळायला बाई खोटं बोलतेय असं धरतील. जबाब फेकून देतील आणि सकाळची साक्ष कायम राहील. आता सांगा. यंत्राला हात कुणी लावला?"

पल्लवी समोर उभी होती. हाताला भाजणीचं पीठ तसंच होतं. फोन मोठ्या आवाजावर होता, तिने सगळं ऐकलं होतं. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आठ वर्षांत तिने मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. माझे गुडघे दुखतात म्हणून ती रोज झोपताना तेल लावायची.

मी "मी" म्हणायला तोंड उघडलं. शब्द जिभेवर आलाही होता.

"काकी, वेळ नाहीये."

"माझ्या सुनेनं," मी म्हणाले. "पल्लवी अमोल खाडे. तिला मी काही सांगितलेलं नव्हतं. घरातलं सगळं धू, असं मीच म्हणाले होते."

पल्लवी मटकन खाली बसली. मी तिच्याकडे जायला लागले तर तिने हात आडवा केला.

पावणेदोनला पथकाची गाडी आली. दोघे पेवात उतरले, दहा मिनिटांनी वर आले आणि फोनवर एकच शब्द बोलले, "जुळतात." त्यांनी अंगणातच यंत्र पेटीत घातलं तेव्हा काय झालं ते बाजीरावांना कळलं. "काकू, तुमी केलं काय हे? गावाच्या तोंडाला काळं फासलं!" असं म्हणून ते माझ्या अंगावरच आले. पथकातला एक जण मध्ये पडला. दोन वाजून बारा मिनिटांनी टीव्हीवर सांगितलं, की तांत्रिक कारणामुळे निकाल तीन दिवस पुढे ढकलला आहे. मी ते ऐकलं आणि मला काहीही वाटलं नाही. ना बरं, ना वाईट.

अमोलचा पुन्हा फोन आला. "घेतलंस ना तिचं नाव?" एवढंच बोलला आणि त्याने फोन ठेवला. संध्याकाळपासून वाटेने जाणारे आमच्या दाराकडे बघून थुंकायला लागले. पल्लवी ओवीला जेवू घालायची, झाडलोट करायची, माझं ताटही वाढायची. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. त्या तीन दिवसांत मी एकदा तिच्या पाया पडायला वाकले तर ती उठून आत गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पलीकडचं इंटरनेट सुरू झालं. त्यांच्या यंत्रांपैकी एकोणीस यंत्रांनी खालचा धक्का दाखवला. मागोमाग चित्रं आली. एक अख्खं गाव बसलं होतं, आमच्या दहिवडीपेक्षा मोठं. घर म्हणून काही उभं नव्हतं. हातांनी दगड उपसणारी माणसं दिसली. एक म्हातारा एकाच जागी ओरडत होता, कुणाचं तरी नाव घेत असावा. त्यांनी तीन दिवस मदत मागितली असणार आणि ती कुणालाच ऐकू गेली नसणार. आम्ही इकडे गुलाल आणला होता.

चौथ्या दिवशी सकाळी टिळेकर स्वतः जीप घेऊन आले. बरोबर महिला पोलीस होत्या. अमोल आदल्या दिवशीच ओवीला न्यायला आला होता. तो माझ्याकडे न बघता आतल्या खोलीत तिची बॅग भरत होता. टिळेकर ओट्यावर बसले, पण चहा नको म्हणाले. दाढी वाढली होती.

"काकी, हे मी सांगायला नको, पण सांगतो," ते म्हणाले. "पहिला मारा कुठे करायचा ते त्या दिवशी ठरलेलं होतं. हादऱ्याचा मधला बिंदू. आमच्या नकाशावर तिथे नुसती मोकळी जागा दिसत होती. ते शाळेचं मैदान निघालं. घरात परत जायला भ्यालेली माणसं तिथे येऊन बसली होती. दोन वाजता तिथे चार हजार माणसं होती. बायका-पोरं सगळी."

मी तोंडावर पदर धरला. चार हजार म्हणजे आमच्या गावाची दुप्पट माणसं. ती दगडाधोंड्यांतून वाचून उन्हात बसलेली होती आणि वर आकाशात काय येणार होतं ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते मी पाठवणार होते, सकाळच्या चहाला उकळी येता येता.

पल्लवी दारात येऊन उभी राहिली होती. चार दिवसांत पहिल्यांदा ती बोलली, तेही टिळेकरांशी.

"सायेब, मला किती वर्सं हुतील?"

"ते न्यायाधीशांवर आहे. दोनपर्यंत होऊ शकतात."

"आन आत्याबाईस्नी?"

"सात."

तिने आत वळून पाहिलं. ओवी बापाच्या कडेवर बसून बॅगेचा पट्टा चावत होती. पल्लवी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने डोळे पुसले, पायरी उतरून माझ्याजवळ आली आणि माझा दंड धरून मला उभं केलं.

"चार हजार मान्सं," ती म्हणाली, "आन आपली दोगींची मिळून नऊ वर्सं. लय सस्तात पडलं की हो, आत्याबाई."

मला तेव्हा रडू कोसळलं. इतके दिवस आलं नव्हतं, ते थांबेचना. पल्लवीने माझा दंड सोडला नाही. आम्ही दोघी जीपमध्ये बसलो आणि टिळेकरांनी दार लावलं.